अळीला काय खाऊ घालणार, हे आधी ठरवा

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात 'ब्लॅक सोल्जर फ्लाय' (बीएसएफ) म्हणजे काळी सैनिक माशी पाळून ओल्या कचऱ्यापासून कोंबड्यांचे व माशांचे खाद्य तयार करण्याविषयी एक छोटे टिपण आले होते. त्यावर आलेली पत्रे एवढी आहेत की या महिन्याचे सदर त्याच विषयाला द्यावे लागले. कीटकशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेले आणि निवृत्तीनंतर घरामागच्या शेडमध्ये ही माशी मी स्वतः वाढवून पाहिली, त्यामुळे पुढील उत्तरांत पुस्तकातले थोडे आणि शेडमधले थोडे असे दोन्ही आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे ५०० गावरान कोंबड्या अंड्यांसाठी आहेत. खाद्याचा दर कधी स्थिर राहत नाही. बीएसएफच्या अळ्या घातल्या तर खाद्याचा निम्मा खर्च वाचतो, असे व्हिडिओमध्ये सांगतात. हे खरे आहे का, आणि मला किती मोठे युनिट लागेल?
— कुक्कुटपालक, सांगोला, जि. सोलापूर

उत्तर : निम्मा खर्च वाचत नाही. किती वाचतो, हे आपण दोघे मिळून मोजू, म्हणजे पुढचा निर्णय तुम्हाला स्वतःच घेता येईल.

कुक्कुटपालनाच्या एकूण खर्चात खाद्याचा वाटा साधारण ६५ ते ७० टक्के असतो आणि त्यातही प्रथिनांचा भाग महाग पडतो, म्हणून सोयापेंडीचा भाव चढला की सगळ्यांना या माशीची आठवण होते. २०२१ च्या उन्हाळ्यात भाव इतका भडकला होता की त्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करण्यास परवानगी दिली. त्या काळात ज्यांच्या शेडमध्ये अळ्या होत्या, त्यांना थोडा आधार मिळाला. पण आधार आणि बदली यांत फरक आहे. सुकवलेल्या अळीत साधारण ४० टक्के प्रथिने आणि ३० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो. स्निग्धांश एवढा असल्यामुळे अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात सुक्या वजनाने १० टक्क्यांच्या वर अळी घालू नये, असे माझे मत आहे, आणि सुरुवात त्याच्याही निम्म्याने करावी.

आता तुमचा हिशेब. एका कोंबडीला दिवसाला १०० ग्रॅम खाद्य धरले, तर ५०० कोंबड्यांना ५० किलो लागते. त्यातले १० टक्के म्हणजे ५ किलो सुकी अळी. ताज्या अळीत दोन तृतीयांश पाणी असते, म्हणून रोज १५ किलो ताजी अळी तयार व्हायला हवी. स्वित्झर्लंडच्या 'इआवाग' या जलसंशोधन संस्थेने इंडोनेशियातील अनुभवावरून जी पद्धत मांडली आहे, तिच्यात ६० सेंटिमीटर लांब आणि ४० सेंटिमीटर रुंद क्रेटमध्ये पाच दिवसांच्या १०,००० अळ्या सोडून त्यांना १२ दिवसांत १५ किलो ओला कचरा देतात. त्यातून चांगल्या हातांना अडीच ते तीन किलो अळी मिळते. म्हणजे तुम्हाला रोज पाच ते सहा क्रेट काढावे लागतील, कोणत्याही दिवशी ६० ते ७२ क्रेट भरलेले असतील, आणि रोज ७५ ते ९० किलो ओला कचरा लागेल. हा शेवटचा आकडा पुन्हा एकदा वाचा, कारण सगळा व्यवहार त्याच्यावर उभा आहे. सणाच्या दिवशी, मंडई बंद असताना, मुसळधार पावसातसुद्धा तेवढा कचरा आलाच पाहिजे. गोठ्यातल्या जनावराप्रमाणे अळीलाही सुट्टी नसते.

बदल्यात मिळणाऱ्या ५ किलो सुक्या अळीत २ किलो प्रथिने असतात. तेवढी प्रथिने ४७ टक्क्यांच्या सोयापेंडीतून घ्यायची तर सव्वाचार किलो पेंड पुरते. अळीतल्या चरबीमुळे थोडा मकाही वाचेल, अळीत कॅल्शियम भरपूर असल्यामुळे शिंपल्यांच्या चुऱ्यातही थोडी काटछाट करता येईल. या सगळ्याची आजच्या बाजारभावाने किंमत काढा आणि तिच्यासमोर रोजचे दोन-तीन तासांचे काम व कचरा आणण्याचे भाडे मांडा. कचरा तुमच्या घरापासून तीन-चार किलोमीटरवर फुकट मिळत असेल आणि काम घरच्या माणसांचे असेल, तर हिशेब जमतो. तोच कचरा २५ किलोमीटरवरून टेम्पोने आणायचा असेल, तर डिझेलच सगळा नफा खाते. म्हणून अळीविषयी मला कोणीही विचारले, तर माझा पहिला प्रश्न शेडचा किंवा भांडवलाचा नसतो. अळीला काय खाऊ घालणार आणि ते किती अंतरावरून येणार, एवढेच मी विचारतो.

कोणता कचरा चालतो, याविषयी बराच गैरसमज आहे. भाजीमंडईतील टाकाऊ भाजी व फळे, हॉटेलचे उष्टे-खरकटे, भाताची पेज, कुजू लागलेली केळी, आंब्याच्या रसाच्या कारखान्यातला चोथा हे सगळे उत्तम. उसाचे पाचट, चिपाड, गव्हाचा भुसा, कडब्याचा चुरा यांतला तंतू या अळीला पचत नाही. ते गांडुळांचे आणि कंपोस्टचे काम आहे. देवळातील निर्माल्यही प्रामुख्याने कंपोस्टचेच. सडका कांदा किंवा लिंबाची साल एकट्याने दिली तर अळ्या नीट खात नाहीत, त्यामुळे ती दुसऱ्या कचऱ्यात थोड्या प्रमाणात मिसळावी. फवारणी होऊन चार दिवसही न झालेला फ्लॉवर किंवा वांगी यांच्याबाबत फार सावध राहा. कीटकनाशक कीटकालाच मारते, आणि एका रात्रीत सगळे क्रेट मेलेले मी पाहिले आहेत. शहराच्या मिश्र कचऱ्याला तर हात लावू नका. त्यातील कॅडमियमसारखा जड धातू या अळीच्या शरीरात साठतो आणि पुढे तो अंड्यापर्यंत पोचू शकतो.

कामाची रीत थोडक्यात सांगतो. मादी एका वेळी साधारण ५०० अंडी घालते, तीही कचऱ्यात न घालता त्याच्या जवळच्या कोरड्या फटीत घालते, म्हणून पन्हाळीदार पुठ्ठ्याचे किंवा लाकडी पट्ट्यांचे तुकडे आंबलेल्या कचऱ्याच्या डब्यावर ठेवतात. तुमच्या प्रमाणाला रोज दोन ते तीन ग्रॅम अंडी पुरतील, म्हणजे दररोज दीडशे-दोनशे माद्यांनी अंडी घातली पाहिजेत. अंडी चार दिवसांत फुटतात. पहिले पाच दिवस पिल्लांना कोंबडीच्या पिलांचे बारीक खाद्य भिजवून द्यावे लागते आणि त्यानंतर त्यांना कचऱ्यावर सोडायचे. कचरा एक-दोन सेंटिमीटरचे तुकडे करून द्या, थर पाच सेंटिमीटरपेक्षा जाड नको. ओल किती हवी, ते मुठीत पिळून पाहावे : बोटांतून दोन-चार थेंब गळले तर बरोबर, धार लागली तर त्यात कोंडा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळायचे. पांढुरक्या अळ्यांमध्ये थोड्या काळपट झालेल्या दिसू लागल्या की क्रेट चाळून काढायचे. त्यातील दोन ते पाच टक्के अळ्या पुढच्या पिढीसाठी राखून ठेवायच्या. त्या कोषात जातात आणि आणखी दोन-तीन आठवड्यांत माशी बाहेर येते. माश्यांचे मीलन भरपूर उजेडाशिवाय होत नाही, म्हणून जाळीचा पिंजरा सकाळचे ऊन मिळेल असा ठेवावा. माशी आठवडाभर जगते, या काळात तिला अन्न लागत नाही, ती चावत नाही आणि घरमाशीसारखी ताटावर येऊन बसत नाही.

सांगोल्यात तुमचा खरा शत्रू एप्रिल-मे आहे. अळ्यांना २७ ते ३० अंश तापमान मानवते आणि भरलेल्या क्रेटमध्ये त्यांच्या हालचालीनेच उष्णता तयार होते, त्यामुळे बाहेर ४२ अंश असताना आत काय होत असेल याची कल्पना करा. क्रेटमधून अळ्या बाहेर पडून भिंतीवर चढू लागल्या, तर थर निम्मा करा, गोणपाट ओले करून वारा खेळता ठेवा. दुसरा शत्रू मुंगी. माझी पहिली सगळी अंडी काळ्या मुंग्यांनी एका दुपारी नेली होती. रॅकचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले नाहीत तर तुमच्याकडेही तेच होईल.

जिवंत अळी कोंबड्यांना टाकली तर त्या तुटून पडतात, आणि त्यांचा तो आनंद पाहण्यासारखा असतो. तरीही हॉटेलच्या खरकट्यावर वाढवलेली अळी आधी उकळत्या पाण्यातून काढावी, कारण साल्मोनेलासारखे जंतू अळीबरोबर येऊ शकतात. मांसाहारी खानावळीच्या खरकट्यात कोंबडीचेच मांस असेल, तर ते तुमच्या अळ्यांना देऊ नका. आणि कोंबड्यांसाठी केलेली अळी दुभत्या जनावरांच्या खाद्यात कधीही मिसळू नका. गाय-म्हशीला प्राणिज प्रथिने खाऊ घालण्याची किंमत युरोपने गेल्या शतकाच्या शेवटी 'मॅड काऊ' रोगाच्या रूपाने मोजली आहे.

माझा सल्ला असा, की सहा क्रेटने सुरुवात करा आणि एक पावसाळा, एक हिवाळा, एक उन्हाळा पाहा. बियाणे विकतच आणले पाहिजे असे नाही. पावसाळ्यात आंबलेल्या फळांच्या डब्यावर पुठ्ठा ठेवला तर आसपासची माशी स्वतःच येऊन अंडी घालते.

प्रश्न : एक कंपनी अडीच लाख रुपये घेऊन अंडी, जाळ्या व प्रशिक्षण देते आणि तयार सुक्या अळ्या ठरलेल्या दराने परत घेण्याचा करार करते. युरोपात निर्यात होते असे त्यांचे म्हणणे आहे. शेती पाच एकर, विहीर आहे. पैसे गुंतवावेत का?
— पदवीधर तरुण, केज, जि. बीड

उत्तर : गुंतवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या पत्रात शेती किती, पाणी किती, कंपनी किती देणार हे सगळे आहे, पण अळ्या काय खाणार याविषयी एक अक्षरही नाही, आणि कंपनीनेही तो विषय काढलेला दिसत नाही.

महाराष्ट्राच्या गावागावांत आधी इमू आले, मग कडकनाथ आला. दोन्ही वेळी व्यवहाराचा सांगाडा हाच होता : महाग पिल्ले घ्या, वाढवा, आम्ही परत घेतो. पहिल्या शेतकऱ्यांना पैसे मिळाले ते पुढच्या शेतकऱ्यांनी भरलेल्या रकमेतून, आणि नवे शेतकरी येणे थांबले त्या दिवशी खरेदीही थांबली. इमूच्या मांसाला आणि तेलाला गिऱ्हाईकच नव्हते. कडकनाथ ही जात मुळात चांगली, झाबुआच्या भिल्ल समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली. पण गुंतवणुकीच्या योजनेत ती अडकली आणि २०१९ साली पश्चिम महाराष्ट्रातील हजारो कुटुंबे त्यात बुडाली. पक्षी वाईट नव्हता, करार वाईट होता. माशीच्या बाबतीतही मला हीच भीती वाटते, आणि ती इथे मोठ्याने बोलून दाखवली पाहिजे, कारण एक चांगले तंत्र अशा योजनांमुळे गावात कायमचे बदनाम होते.

निर्यातीविषयी. युरोपीय संघाने कीटकांची प्रथिने २०१७ मध्ये मत्स्यखाद्यात आणि २०२१ मध्ये कोंबड्या व डुकरांच्या खाद्यात वापरायला परवानगी दिली, हे खरे आहे. पण त्याच कायद्यानुसार त्या कीटकांना उष्टे-खरकटे किंवा शेण-विष्ठा खाऊ घालता येत नाही. हॉटेलच्या खरकट्यावर वाढवलेली अळी तिकडे खाद्य म्हणून चालणारच नाही. चालेल अशी अळी वाढवायची तर तिला कोंडा किंवा चांगले धान्य द्यावे लागेल, आणि तसे केले तर अळीला दिलेला कोंडा सरळ कोंबडीलाच का देऊ नये, हा प्रश्न उभा राहतो. मोठमोठे कारखाने इथेच अडकले. फ्रान्समध्ये २०११ साली स्थापन झालेल्या 'यिन्सेक्ट' या कंपनीने पिवळा मीलवर्म या भुंग्याच्या अळीसाठी जगातला एक प्रचंड स्वयंचलित कारखाना उभारला, कोट्यवधी युरोंचे भांडवल जमवले, आणि २०२४ मध्ये तिला न्यायालयाच्या संरक्षणाखाली जावे लागले. अळीचे पोट भरण्याचा, उष्णतेचा आणि यंत्रांचा खर्च फिशमीलच्या (खाद्यासाठी दळलेल्या सुक्या मासळीच्या) बाजारभावात बसवणे तिला जमले नाही.

याउलट थायलंडकडे पाहा. तिथे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस खोन केन विद्यापीठातून रातकिडे पाळण्याचे तंत्र गावांत गेले. सिमेंटच्या ठोकळ्यांची कुंपणे, अंड्यांचे रिकामे ट्रे आणि घरची माणसे एवढ्यावर ते चालते. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०१३ च्या अहवालानुसार तिथे असे सुमारे २०,००० शेतकरी होते. तो धंदा टिकला, कारण तळलेला रातकिडा विकत घेणारा माणूस त्याच बाजारात उभा होता. तुमच्या अळीचा गिऱ्हाईक तुमच्या तालुक्यात कोण आहे, हे शोधायला एक आठवडा द्या. केजच्या पंचवीस किलोमीटरच्या परिघात चार कुक्कुटपालक 'आम्ही दरमहा इतके किलो घेऊ' असे लिहून द्यायला तयार झाले, तर अडीच लाखांतले पंचवीस हजारही पुरतील.

आणि तुमच्या जिल्ह्यात कीटकपालनाचा जमलेला एक धंदा आधीच आहे, तो म्हणजे रेशीम. अळीचे खाद्य तुती, ती तुमच्याच शेतात, तुमच्याच विहिरीवर वाढते. १०० अंडीपुंजांपासून (एका पतंगाने घातलेल्या अंड्यांचा एक पुंज) ६०-७० किलो कोष निघतात. कोषांचा उघडा लिलाव होतो. दर पडतात, रोग येतो, चॉकी म्हणजे कोवळ्या अळ्यांचे संगोपन बिघडते, हे सगळे मी जाणतो. तरीही पाच एकर आणि विहीर असलेल्या केजच्या तरुणाला माझे उत्तर तुती हेच राहील.

प्रश्न : सोसायटीच्या कंपोस्टच्या टाकीत बोटाच्या पेराएवढ्या चपट्या, तपकिरी अळ्या झाल्या आहेत. सभासद टाकी बंद करा म्हणतात. औषध मारावे का?
— गृहनिर्माण संस्थेच्या सचिव, कोथरूड, पुणे

उत्तर : मारू नका. वर्णनावरून त्या याच काळ्या सैनिक माशीच्या अळ्या आहेत आणि त्या तुमचा कचरा गांडुळांपेक्षा कितीतरी वेगाने संपवत आहेत. त्या असतात तिथे घरमाशीची वीण कमी होते, ही जमेची बाजू सभासदांना सांगा. त्या एवढ्या दिसत आहेत याचा अर्थ मात्र टाकीत ओल जास्त झाली आहे. सुकी पाने किंवा कोकोपीट दुप्पट घाला, शिजलेले अन्न आठवडाभर थांबवा, टाकीच्या झाकणाला बारीक जाळी लावा. अळ्या पंधरा दिवसांत कमी होतील. दरम्यान सोसायटीच्या आवारात साळुंक्या वाढल्या तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

प्रश्न : रेशमाच्या कोषातून धागा काढल्यावर उरणारे किडे माशांना घालतात असे ऐकले. माझ्या शेततळ्यात रोहू, कटला आणि थोडे पंगस आहेत. बीएसएफ घालावी की रेशमाचे किडे?
— मत्स्यपालक, इंदापूर, जि. पुणे

उत्तर : जे ताजे आणि जवळ मिळेल ते. पण दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

एक किलो कच्चे रेशीम काढले की मागे साधारण आठ किलो ओले कोषकीटक उरतात, वाळवल्यावर ते दोन किलो भरतात. त्यांत प्रथिने निम्म्याहून अधिक असतात, म्हणजे बीएसएफपेक्षा सरस. अडचण अशी की हा माल कोष पिकवणाऱ्याकडे उरत नाही, तो धागा काढणाऱ्याकडे उरतो. वर्षानुवर्षे मराठवाड्याचे कोष कर्नाटकातील रामनगरच्या बाजारात जात होते आणि त्यांच्याबरोबर हे खाद्यही जात होते. २०१८ मध्ये जालन्यात कोषांची बाजारपेठ सुरू झाली आणि राज्यात धागा काढणारी केंद्रे उभी राहू लागली, तसा हा माल इकडे मिळू लागला आहे. जवळच्या रीलिंग केंद्रात चौकशी करा. माल वास घेऊनच घ्या. या किड्यांत चरबी पुष्कळ असते, ती दोन-तीन दिवसांत खवट होते आणि तो उग्र वास माशाच्या मांसात उतरतो. तेल काढलेला, खडखडीत वाळलेला माल असेल तरच साठवा, आणि विक्रीच्या दोन आठवडे आधी तो देणे पूर्ण थांबवा.

तुमच्या तळ्यातल्या रोहू-कटल्याला प्राणिज प्रथिनांची फारशी गरजच नाही. त्यांचा मुख्य आहार पाण्यातले प्लवंग म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव, आणि ते शेण व खताच्या योग्य वापराने तयार होतात. कीटकांचे खाद्य पंगसला द्या, तेही सध्याच्या खाद्यातील फिशमीलचा चौथा हिस्सा काढून त्याच्या जागी. हे करण्यामागे खर्चापलीकडचेही एक कारण आहे. एक किलो फिशमील बनवायला चार-पाच किलो ताजी मासळी दळावी लागते, आणि कोकण, गोवा व कर्नाटकच्या किनाऱ्यावर त्या दळणात तारलीसारखी गरिबाच्या ताटातली मासळी जाते. गोड्या पाण्यातले मासे जगवण्यासाठी समुद्र उपसणे मला पटत नाही.

प्रश्न : आमचे घर माळकरी. मुलगा कोंबड्यांसाठी या अळ्या पाळतो आणि रोज हजारो जीव उकळत्या पाण्यात टाकतो. कोंबड्यांची अंडी विकतो, तेवढे मी मनाला समजावले होते. हे मात्र सहन होत नाही. तुमच्या शास्त्राचे म्हणणे काय?
— एक आजी, पंढरपूर

उत्तर : आजी, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. शास्त्राचे म्हणणे सांगतो, पण शास्त्र इथे शेवटपर्यंत सोबत करत नाही, हेही आधीच कबूल करतो.

अळीला वेदना होतात का, यावर शास्त्रज्ञांचे एकमत झालेले नाही. तिच्या मज्जासंस्थेची रचना अगदी साधी आहे, तरी ती चटक्यापासून, उजेडापासून दूर पळते. जिथे खात्री नाही तिथे माणसाने वेदना होत असतील असे धरून चालावे, असे मला वाटते. म्हणून मी मुलाला सांगेन की पाणी खळखळून उकळल्यावरच अळ्या टाकाव्यात, आणि एकदम पुष्कळ टाकू नयेत, म्हणजे पाणी थंड होणार नाही आणि मरण क्षणात येईल. उन्हात पसरून वाळवण्याची जी रीत काही जण वापरतात, ती मला क्रूर वाटते. गर्दीत, ओल्या अंधारात राहणे मात्र या अळीला आपल्याला वाटते तसे दुःखाचे नाही. तिचा निसर्गच तसा आहे.

आता तुमच्या मनातला प्रश्न. ज्या रेशमी लुगड्याला आपण सोवळे म्हणून देवघरात मान देतो, त्याच्या प्रत्येक धाग्यामागे कोषातला जीव वाफेने किंवा गरम पाण्याने मारलेला असतो. हे तुम्हाला दुखवण्यासाठी लिहीत नाही. आपल्या जगण्यात किती जीव आधीच गुंतलेले आहेत, हे दिसले की मुलाच्या हातून होणारी गोष्ट एकटी आणि परकी उरत नाही, एवढेच. सोयाबीनवर फवारणी होते तेव्हाही चक्रीभुंग्यापासून मधमाशीपर्यंत अगणित जीव मरतात, ते फक्त आपल्याला मोजावे लागत नाहीत. मुलगा मोजतो आणि स्वतःच्या हाताने करतो, म्हणून ते तुम्हाला दिसते. तरीही तुमचे मन नाही म्हणत असेल, तर त्या मनाचा मान मुलाने राखावा. उकळण्याचे काम त्याने घरापासून दूर, शेडवर करावे आणि स्वयंपाकघरातले पातेले त्यासाठी कदापि वापरू नये. तुमच्या श्रद्धेला मी चूक म्हणणार नाही, आणि त्याच्या कष्टालाही पाप म्हणणार नाही.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. इथे ब्रेड व बिस्किटांत किड्यांची पूड मिसळतात असे ऐकून धसका घेतला आहे. कसे ओळखावे?
— मराठी गृहिणी, श्टुटगार्ट, जर्मनी

उत्तर : लपवून मिसळता येत नाही, त्यामुळे धसका घेण्याचे कारण नाही. युरोपीय संघाने २०२१ मध्ये प्रथम पिवळ्या मीलवर्मला आणि पुढे टोळ व घरगुती रातकिड्याला माणसांच्या अन्नात परवानगी दिली, तेव्हाच अट घातली की घटकांच्या यादीत कीटकाचे लॅटिन नाव आणि स्थानिक भाषेतील नाव दोन्ही छापले पाहिजे. 'आकेटा डोमेस्टिकस' म्हणजे रातकिडा, 'टेनेब्रिओ मोलिटर' म्हणजे पिवळा मीलवर्म, 'लोकुस्टा मायग्रेटोरिया' म्हणजे टोळ आणि 'अल्फिटोबियस डायपेरिनस' म्हणजे छोटा मीलवर्म, एवढी चार नावे ध्यानात ठेवा. तुमच्याकडे मांसाहारी पाहुणे येत असतील आणि त्यांना कोळंबीची ॲलर्जी असेल, तर त्यांनाही सांगा, कारण कोळंबी आणि कीटक यांच्यात एक समान प्रथिन असते आणि त्रास दोन्हींनी होऊ शकतो.

खरे तर तुम्ही काटेकोर असाल तर ई १२० आणि ई ९०४ हे आकडे पाहायला हवेत. पहिला कोचिनील किड्यापासून काढलेला लाल रंग, दुसरी आपल्या झारखंडातून आणि थोडी गोंदिया-गडचिरोलीतूनही येणारी लाख, जी चॉकलेटच्या गोळ्यांना व फळांना चकाकी आणते. हे दोन्ही युरोपच्या दुकानांत रातकिड्याच्या कितीतरी आधीपासून आहेत.

किडे खाणारे लोक दूर कुठेतरी राहतात, असा एक सूर काही पत्रांत होता, म्हणून इथेच सांगतो. आसामात एरी रेशमाचा किडा आवडीने खातात, गडचिरोलीच्या माडिया घरांत लाल मुंग्यांची चटणी होते, आणि ओडिशाच्या मयूरभंजमधील तशाच काई चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांच्या अन्नाविषयी किळस दाखवणारी वाक्ये या सदरात छापली जाणार नाहीत.

प्रश्न : अळ्या चाळल्यावर खाली उरणारे भुसभुशीत खत डाळिंबाला थेट द्यावे का? शेजारी देतो, पण त्याची दोन झाडे पिवळी पडली.
— डाळिंब उत्पादक, आटपाडी, जि. सांगली

उत्तर : थेट देऊ नका. ते दिसायला खतासारखे असले, तरी बारा दिवसांत कचरा पूर्ण कुजलेला नसतो. त्यात अमोनिया बराच असतो आणि आत गरमी तयार होत राहते. शेजाऱ्याची झाडे त्यामुळेच पिवळी पडली असण्याची शक्यता मोठी आहे. सावलीत ढीग करून चार ते सहा आठवडे मुरू द्या, दर आठवड्याला एकदा परता, ओल मुठीत गोळा होईल इतकीच ठेवा. ढीग आतून गार लागला आणि मातीचा वास येऊ लागला म्हणजे झाले. यात अळ्यांच्या कातीचे कायटिन असते, त्याचा मुळांच्या आसपासच्या उपयुक्त बुरशीला फायदा होतो असे प्रयोगांत दिसले आहे. त्याने मर रोग बरा होतो असे मात्र कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका.

हॉटेलच्या खरकट्यावरचे खत असेल तर त्यात मीठ असते. आटपाडीची जमीन आणि बोअरचे पाणी पाहता ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्यामुळे खताचा क्षार मृदा प्रयोगशाळेत तपासून घ्या. बहर धरण्याआधी बागेतल्या एकाच ओळीला, प्रत्येक झाडाला दोन किलोप्रमाणे, खोडापासून हातभर लांब द्या, आणि शेजारची ओळ नेहमीच्या शेणखतावर ठेवा. फळे सेट झाल्यावर दोन्ही ओळींतील फरक मला कळवा.